पगारपत्रक आणि पावतीपुस्तक

महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित शाळा दोन वेगवेगळ्या पैशांवर चालते. शिक्षकांचे वेतन शासनाकडून येते आणि शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीतून त्यांच्या बँक खात्यात जमा होते. गळणारे छप्पर, मुलींचे स्वच्छतागृह, प्रयोगशाळेतील रसायने, विजेचे बिल, मैदानाची भिंत आणि बाकीचे सारे काही संस्थेने पाहायचे असते. वेतनेतर अनुदान म्हणून जी रक्कम मिळते, ती मधली काही वर्षे बंदच होती आणि पुन्हा सुरू झाल्यावरही खर्चाच्या मानाने तोकडीच राहिली. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर शिपायांची नवी पदे भरण्याऐवजी ठोक शिपाई भत्ता देण्याचे धोरण आले, आणि वर्ग झाडणे व घंटा देणे या कामांच्या मजुरीची चिंताही बऱ्याच अंशी संस्थेकडे सरकली. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत तर वेतनापासून खडूपर्यंत सगळा भार शुल्कावर आणि देणग्यांवर असतो.

मुख्याध्यापक म्हणून आणि पुढे एका लहान संस्थेच्या कार्यकारिणीवर काम करताना या दोन पैशांच्या मधल्या जागेत माझे आयुष्य गेले. कर्मचाऱ्यांना सांभाळणे हे एक काम आणि शाळेसाठी पैसा उभा करणे हे दुसरे, पहिले मुख्याध्यापकाचे आणि दुसरे अध्यक्ष-सचिवांचे, अशी वाटणी आपल्याकडे गृहीत धरलेली असते. संस्थांच्या सभांत हे विषयही वेगवेगळ्या क्रमांकांखाली येतात. माझे मत मात्र अनुभवाने असे झाले आहे की ही दोन कामे मुळात एकच आहेत. शिक्षकांशी संस्थेचा व्यवहार कसा आहे, यावरच तिला समाजापुढे हात पसरण्याचा अधिकार मिळतो किंवा ती तो गमावते.

पुण्यात १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले आणि लवकरच आगरकर त्यांना येऊन मिळाले, तेव्हापासूनचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. या उभारणीत महादेव बल्लाळ नामजोशी यांचे नाव आपण फार कमी घेतो, आणि याचे मला नेहमी वाईट वाटते. संस्थानिकांकडे जाणे, सरकारी अधिकाऱ्यांशी बोलणे, देणग्यांचा पाठपुरावा करणे, ही कामे त्यांनी अंगावर घेतली होती. टिळक-आगरकरांची विद्वत्ता वर्गात उभी होती आणि त्या वर्गावर छप्पर यावे म्हणून नामजोशी वणवण करीत होते. पण त्यांना देणगी मागताना सांगण्यासारखे जे होते, ते फार मोलाचे होते. सोसायटीचे आजीव सदस्य ठरावीक आणि बेताच्या वेतनावर दीर्घ मुदतीसाठी स्वतःला बांधून घेतात, हे देणाऱ्याला दिसत होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षांची सेवा पत्करली, हे तर सर्वश्रुतच आहे. आपला पैसा कोणाच्या घरात जाणार नाही, अशी खात्री देणगीदाराला द्यायला वेगळे प्रमाणपत्र लागत नव्हते. शिक्षकांच्या वेतनाचा आकडा हेच ते प्रमाणपत्र होते.

त्याच सोसायटीत पुढे जे घडले, तेही तितकेच शिकवणारे आहे. आजीव सदस्यांनी बाहेरची कामे करून मिळकत करावी की नाही, वेतनात वाढ व्हावी की नाही, संस्थेबाहेरच्या सार्वजनिक कामाला किती वेळ द्यावा, या प्रश्नांवर सदस्यांत तीव्र मतभेद झाले आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. टिळक आणि आगरकर यांच्यातील सामाजिक सुधारणेचा वाद आपल्याला पाठ असतो, परंतु त्या फुटीच्या मुळाशी कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा हा प्रश्नही होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. इतकी मोठी, इतकी निःस्वार्थ माणसे एकत्र असूनही वेतन आणि वेळ यांबाबतचा नियम सर्वांना सारखाच समजलेला नसेल, तर संस्था दुभंगते. आजच्या कोणत्याही संस्थाचालकाने ‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहे, नियमांची गरज नाही’ असे म्हणण्यापूर्वी हा प्रसंग आठवावा, असे मला मनापासून वाटते.

टिळकांच्या जाण्याने गणिताची जागा रिकामी झाली आणि त्या जागेवर १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. मराठी शिक्षणसंस्थांच्या इतिहासातला हा दुवा मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण आजीव सेवकत्वाची ही पद्धत कर्व्यांनी आतून पाहिली, स्वतः आचरली आणि मग स्त्रीशिक्षणाच्या आपल्या कामासाठी सेवक मिळावेत म्हणून १९०८ मध्ये निष्काम कर्ममठाची स्थापना केली. १८९६ मध्ये सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी ते गणिताचे तास संभाळून वर्षानुवर्षे वर्गणी मागत राहिले. त्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाखांची देणगी मिळाली, ती सगळ्यांना माहीत असते. मला त्याहून अधिक विलक्षण वाटते ते १९३६ मधले. वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि पुन्हा लहान लहान वर्गण्यांसाठी लोकांच्या दारात उभे राहिले. एवढा मोठा निधी उभा केलेला माणूस किरकोळ रकमेची मागणी कमीपणाची मानत नाही, याचे कारण त्यांना नक्की ठाऊक होते की लहान रक्कम देणारा माणूस शाळेकडे लक्ष ठेवतो. हजार घरांतून आलेल्या पैशामागे हजार डोळे असतात. एकाच श्रीमंताच्या धनादेशावर उभी राहिलेली शाळा त्याच्या मर्जीप्रमाणे वळते, आणि त्या वळणाचा पहिला फटका शिक्षकांना बसतो.

साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी याच गोष्टीला आणखी खोल नेले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकिगत आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती सांगताना त्याग या शब्दावर आपण थांबतो. मला तिच्यातली दुसरी बाजू दिसते. ज्याच्या स्वतःच्या घरातून सर्वांत आधी पैसा बाहेर पडला आहे, त्याने गावकऱ्याकडे धान्य मागितले तर गावकरी नाही म्हणत नाही, आणि त्याने शिक्षकाला अडचणीच्या काळात थांबायला सांगितले तर शिक्षक थांबतो. त्याग स्वेच्छेने आणि वरून सुरू झाला, तर तो खाली उतरतो. वरचे सुरक्षित राहून खालच्यांकडून तो वसूल करू लागले, की त्याला त्याग म्हणता येत नाही.

आज अनेक ठिकाणी नेमके तेच उलटे घडते, आणि ते स्पष्ट लिहिले पाहिजे. शिक्षकाच्या नेमणुकीच्या वेळी ‘संस्थेच्या विकासासाठी’ घेतली जाणारी मोठी रक्कम ही महाराष्ट्रात कोणालाही नवी नाही. विवाहासाठी स्थळ पाहताना ‘किती भरले’ हा प्रश्न शिक्षकाच्या बाबतीत सहज विचारला जातो, इतकी ती समाजाने पचवलेली आहे. जमीन विकून किंवा कर्ज काढून आलेला तरुण पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकतो, तेव्हा संस्थेविषयी त्याच्या मनात काय असते, याचा विचार करावा. आपण नोकरी मिळवलेली नाही, ती विकत घेतली आहे, असे त्याला वाटते आणि त्याचे वाटणे खरे असते. अशा शिक्षकाला शाळा सुटल्यानंतर कच्च्या मुलांसाठी अर्धा तास थांबा, असे मुख्याध्यापक कोणत्या तोंडाने सांगणार? मुख्याध्यापकाचा नैतिक अधिकार त्याच्या पाठीमागे, त्याला न विचारता, आधीच विकला गेलेला असतो. त्यातून दुसरे नुकसान असे होते की ती रक्कम पावतीवर येत नाही, म्हणून ती शाळेच्या इमारतीत दिसत नाही, आणि गावाला सगळे कळत असते. मग त्याच गावात स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने देणगीचे आवाहन करणारे पत्रक वाटले, तर लोक ते घडी करून ठेवून देतात.

विनाअनुदानित शाळांत याचे दुसरे रूप दिसते. पगारपत्रकावर एक आकडा, हातात दुसरा. बँकेत पूर्ण रक्कम जमा करून तिच्यातला भाग रोख परत घेण्याचीही पद्धत आहे. ज्या शाळांच्या मान्यतेवर एकेकाळी ‘कायम विनाअनुदानित’ असा शिक्का होता, त्यातला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला आणि पुढे टप्प्याटप्प्याने वीस टक्के, चाळीस टक्के असे अनुदान येऊ लागले. या आशेवर कित्येक शिक्षकांनी उमेदीची वर्षे जवळजवळ बिनपगारी काढली. सुट्टीत शेतात राबणारे, संध्याकाळी दुकानात हिशेब लिहिणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या चिकाटीविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या परिस्थितीला ‘शिक्षणव्रत’ असे नाव देऊन भाषणे करणाऱ्यांचा मला राग येतो. आगरकरांनी गरिबी निवडली होती. या शिक्षकांवर ती लादली गेली आहे.

कर्मचारी सांभाळण्याच्या कायदेशीर बाजूवर फार लिहायला नको, पण ती माहीत असलीच पाहिजे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली यांनी शिक्षकाला मालकाच्या लहरीपासून संरक्षण दिले. मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने द्यायचे, ज्येष्ठता यादी प्रसिद्ध करायची, चौकशीशिवाय कोणाला काढायचे नाही, आणि काढलेच तर त्याला शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. काही संस्थाचालक या कायद्याला शिस्तीतला अडथळा मानतात. मला तो संस्थेच्या बाजूचाही वाटतो, कारण उद्या नोकरी राहील की नाही या भीतीत असलेला शिक्षक फक्त आज्ञापालन करतो. तो शिकवण्याचा नवा प्रयोग करीत नाही, सभेत चूक दाखवून देत नाही आणि माजी विद्यार्थ्यांपुढे शाळेची बाजूही मनापासून मांडत नाही.

शाळेतले खरे नेतृत्व मात्र नियमावलीत दिसत नाही. ते जून महिन्यात भिंतीवर लागणाऱ्या वेळापत्रकात दिसते. दहावीचा वर्ग कोणाला, शेवटच्या तासिका कोणाच्या वाट्याला, गैरहजर शिक्षकाचा बदली तास कोणाकडे वारंवार जातो, निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामांसाठी नावे पाठवताना कोणाचे नाव नेहमी वगळले जाते, हे सगळे शिक्षक-कक्षातले प्रत्येक माणूस न बोलता मोजत असतो. अध्यक्षांच्या नात्यातल्या बाईंना सलग तीन मोकळ्या तासिका आणि चाळिशी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या सरांना वरच्या मजल्यावरचे पाच तास, असे वेळापत्रक एकदा लागले की वर्षभर कितीही सभा घेतल्या तरी त्यांचा उपयोग होत नाही. माझा अनुभव असा की वेळापत्रक लावण्याआधी ते शिक्षकांपुढे ठेवले, कारणे सांगितली आणि हरकतींसाठी एक दिवस दिला, तर नंतरच्या निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत. जे बदलता येत नाही ते का येत नाही, एवढे कळले तरी बहुतेक माणसे समजूतदारपणे वागतात.

लेखी मेमोविषयीही थोडे सांगायला हवे. वारंवार उशिरा येणाऱ्या शिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात मेमो देणारा मुख्याध्यापक कागदावर निर्दोष असतो. पण त्याने आधी बोलावून ‘बाई, काय अडचण आहे?’ असे विचारले असते, तर सासूबाईंच्या आजारपणात सकाळची बस चुकते हे त्याला कळले असते आणि पहिली तासिका हलवून प्रश्न सुटला असता. बोलूनही फरक पडला नाही तर लेखी कारवाई करावीच, कारण एकाच्या सवलतीचे ओझे इतर शिक्षक वाहतात आणि त्यांच्याशी तो अन्याय असतो. मृदूपणा आणि ढिलाई यांत फरक आहे, आणि शिक्षक तो आपल्या आधी ओळखतात.

आता पैसा उभा करण्याकडे येतो. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या किती शाळा मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या, याचा इतिहास त्या शाळांच्या भिंतींवरच्या संगमरवरी पाट्यांवर वाचता येतो. चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा जणांनी राहून गावच्या शाळेला पैसे पाठवणारी ती पिढी होती. आज तिची जागा दहावीच्या तुकड्यांच्या व्हॉट्सॲप गटांनी आणि स्नेहमेळाव्यांनी घेतली आहे. अशा मेळाव्यांतून निधी मिळतो, आणि मिळतो तेव्हा त्याचे कारण नेमके काय असते हे मी फार जवळून पाहिले आहे. माजी विद्यार्थी संस्थेच्या अध्यक्षांसाठी येत नाहीत. ते गणिताच्या सरांसाठी येतात, हस्ताक्षर सुधारणाऱ्या बाईंसाठी येतात, फी भरायला पैसे नसताना गुपचूप भरणाऱ्या शिक्षकासाठी येतात. तो शिक्षक व्यासपीठावर सन्मानाने बसलेला दिसला तर हात खिशाकडे जातो. त्याच शिक्षकाचे निवृत्तिवेतन संस्थेने कागदपत्रे अडवल्यामुळे रखडले आहे, असे जेवणाच्या पंगतीत कोणाकडून कळले, तर मेळावा छान होतो आणि निधी शून्य जमतो. कोणत्याही निधिसंकलन समितीने आवाहनपत्र छापण्यापूर्वी निवृत्त शिक्षकांची यादी काढावी आणि त्यांपैकी कोणाचे देणे राहिले आहे का, हे आधी पाहावे.

देणगीदाराला बहुधा दिसणारी वस्तू द्यायची असते. प्रवेशद्वाराची कमान, सभागृह, वडिलांच्या नावाची पाटी. शाळेला हवा असतो शिपायाचा पगार, जुन्या संगणकांची दुरुस्ती आणि मुलींच्या स्वच्छतागृहात रोजची सफाई. यात देणाऱ्याचा दोष नाही. त्याला कोणी नीट सांगितलेले नसते. रोजच्या खर्चाचा आकडा, बिलांसह, त्याच्यापुढे ठेवण्याची लाज आपण का बाळगावी? ज्या संस्थांनी कायम निधी उभारला आणि त्याच्या व्याजातून असे न दिसणारे खर्च भागवले, त्यांच्या शाळा शांतपणे चालताना मी पाहिल्या आहेत. कंपनी कायदा २०१३ मुळे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, त्यातून शाळांना काही मदत होते. पण त्या मदतीला मुदत असते आणि प्रकल्प संपला की ती थांबते, हे आधीच गृहीत धरावे. ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती देणाऱ्या संस्थेने देणगी बँकेतूनच घ्यावी. दोन हजारांपेक्षा जास्त रोख रकमेवर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, हे तर कारण आहेच. त्याहून मोठे कारण हे की बँकेतून आलेला पैसा शिक्षकांनाही दिसतो.

शुल्कावर चालणाऱ्या शाळांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे शुल्काचा प्रस्ताव ठेवणे बंधनकारक केले. शिक्षणहक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के प्रवेशांसाठी शासन अनेक वर्षे विद्यार्थ्यामागे वार्षिक १७,६७० रुपये हा दर धरत आले, आणि ती प्रतिपूर्ती वेळेवर मिळत नाही अशी शाळांची रास्त तक्रार आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, शुल्कात पंधरा टक्के कपात करण्याचा शासन निर्णय आला. त्या दोन वर्षांत शाळाशाळांमधला फरक उघड झाला. काही ठिकाणी व्यवस्थापनाने जमाखर्च शिक्षकांपुढे ठेवला, स्वतःचे मानधन थांबवले, सर्वांत कमी पगाराच्या माणसाला हात लावला नाही आणि वरच्या वेतनात तात्पुरती कपात सुचवली; शिक्षकांनी ती स्वीकारली आणि ऑनलाइन वर्ग मनापासून घेतले. काही ठिकाणी शिक्षकांना संदेशाने कळवले गेले की पुढील सूचनेपर्यंत निम्मे वेतन मिळेल. दोन्हीकडे पैशाची तूट सारखीच असू शकेल. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या शाळांतून अनुभवी शिक्षक निघून गेले होते, पालकांना ते लगेच कळले आणि पटसंख्या घटली. वाचवलेला पगार शुल्कातून गेला.

शासनाच्या पवित्र या ऑनलाइन भरती पोर्टलमुळे अनुदानित शाळांतील शिक्षकभरतीत गुणवत्तेचा आधार आला, ही चांगली गोष्ट झाली. ज्या संस्था मुलाखतीचा पर्याय घेतात, त्यांच्याकडे शेवटचा निर्णय अजूनही आहे, आणि तिथेच संस्थेची परीक्षा आहे. मुलाखतीच्या दिवशी मुख्याध्यापक आणि विषयाचा ज्येष्ठ शिक्षक समितीत असावेत, उमेदवाराने प्रत्यक्ष वर्गात एक पाठ घ्यावा, आणि गुणपत्रकावर सर्वांच्या सह्या त्याच दिवशी व्हाव्यात, एवढे जरी केले तरी बाहेरचा दबाव बराच कमी होतो.

नियमावलीत शाळा समितीची तरतूद आहे. तिच्यात व्यवस्थापनाचे प्रतिनिधी असतात, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतो, आणि कायम शिक्षकांपैकी एक जण ज्येष्ठतेच्या क्रमाने आळीपाळीने येतो. बऱ्याच शाळांत या शिक्षक प्रतिनिधीला इतिवृत्तावर सही करण्यापुरते बोलावतात. मी आमच्या कार्यकारिणीपुढे मांडलेला प्रस्ताव एवढाच आहे की दर तीन महिन्यांच्या सभेत देणग्यांची नोंदवही आणि वेतनाचे देणे, ही दोन्ही याच प्रतिनिधीपुढे ठेवावीत, त्याने ती इतर शिक्षकांना सांगावीत, आणि ज्या तिमाहीत कोणाचे वेतन थकलेले असेल त्या तिमाहीत बांधकामाचा कोणताही नवा खर्च मंजूर करू नये. प्रस्तावावर चर्चा झाली आहे, दोन सदस्यांचा बांधकामाच्या अटीला विरोध आहे, आणि तो पुढच्या सभेत पुन्हा येणार आहे.